इतर : तीन

ट्रूडीनं सोमवारी सकाळी टेबलावर ठेवलेल्या कागदावर तीनच ओळी होत्या. दरवाढीच्या विरोधात : एक हजार एकशे सहा. बाजूने : चार. इतर : तीन. इंगर स्टेनरूड कोटाची बटणं काढत उभ्याउभ्याच तो वाचत होती, आणि खरं तर त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. नऊ वर्षं ती राज्याच्या आयोगावर होती. गॅसची, विजेची, पाण्याची कंपनी दर वाढवून मागायला आली की लोक पत्रं लिहीत, ट्रूडी त्यांचे तीन गठ्ठे करी आणि निकालाच्या दिवशी सकाळी असा कागद तिन्ही आयुक्तांच्या टेबलांवर ठेवी. दरवाढ व्हावी म्हणून आपणहून पत्र लिहिणारे महाभाग कोण असतील, यावर दोघींचं जुनं एकमत होतं.

“चौघांत सासवा किती?” इंगरनं विचारलं.

“कंपनीवाल्यांच्या? या वेळी दोनच दिसतात,” ट्रूडी म्हणाली. “पण खरी मजा ‘इतर’मध्ये आहे. एका बाईनं सुपाची पाककृती पाठवलीय. एकानं तुम्हा तिघांना नरकात धाडलंय. आणि एका म्हाताऱ्यानं आपल्या झाडावर दोन पानं लिहिलीत. झाड! आता गॅसच्या दरात झाड मी कुठे बसवू?”

“आण बघू,” इंगर म्हणाली. गेल्या चार दिवसांत तिला हसू आलं नव्हतं, आणि सुपाची पाककृती ही हसायला बरी गोष्ट होती. ट्रूडीनं तीन कागद आणून दिले. सर्वांत खालचा रेघांच्या वहीतला होता, दोन्ही पानं हातानं लिहिलेली, सुटी सुटी, मोठी अक्षरं. इंगरनं अक्षर ओळखलं आणि मग खुर्ची कुठे आहे हे हातानं चाचपून ती खाली बसली. शाळेच्या बसच्या पुढच्या काचेशी पुठ्ठ्यावर याच अक्षरात लिहिलेलं असायचं : मागच्या बाकावर उभं राहू नये. बारा वर्षं, पहिलीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत, तिनं ते रोज वाचलं होतं. बस ऑर्विल क्विस्ट चालवायचे. आणि ऑर्विल क्विस्ट गेल्या गुरुवारी सकाळी सव्वासातला टॅमरॅक रस्त्यावरच्या आपल्या घरात, तळघराचा दिवा लावताना, घरासकट गेले होते. लव्हॉन, त्यांची बायको, केस सेट करायला शेजारणीबरोबर गेली होती म्हणून वाचली. गॅस साचला होता, असं रेडिओवर सांगितलं. राज्यात वर्षा-दोन वर्षांनी असं एक घर जातं, आयोग त्याला एक स्वतंत्र क्रमांक देतो, स्वतंत्र चौकशी लावतो, आणि इंगरनं शुक्रवारी त्या चौकशीच्या आदेशावर सही केली होती. सही करताना ती रडली होती. पण ते रडणं साधं होतं, ओळखीच्या माणसासाठी माणूस रडतो तसं. आता जे झालं त्याला रडणं येईना. डोळे कोरडे ठणठणीत, आणि कानात मात्र भरून आल्यासारखं, समोर ट्रूडी काहीतरी बोलत होती ते ओठांवरूनच कळत होतं. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात आयोगाचा शिक्का होता. मिळाल्याची तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची. एकोणीस दिवस हा कागद याच मजल्यावर, तिच्या दारापासून पंधरा पावलांवर, ट्रूडीच्या तिसऱ्या ट्रेमध्ये पडून होता.

माननीय आयोग, असं पत्र सुरू होत होतं, मला आयुक्त इंगर स्टेनरूड यांनी आपल्याला लिहायला सांगितलं, त्यांचे आभार. माझं म्हणणं दराबद्दल नाही. माझ्या घराच्या उत्तरेला लायलॅकचं झाड आहे, वय वर्षे एकेचाळीस. गेल्या जूनमध्ये ते अर्धंच फुललं. ऑगस्टमध्ये पानं करपली आणि भोवतीचं गवत आमच्या जेवणाच्या टेबलाएवढ्या वर्तुळात मेलं. मी पाणी घातलं, खत घातलं. ऑक्टोबरात गॅस कंपनीला फोन केला, कारण माझ्या वडिलांनी शिकवलं होतं की एका बाजूनं झाड मरायला लागलं तर आधी खाली काय पुरलंय ते बघावं. त्यांचा माणूस आला, भला होता, त्यानं जमिनीत नळी खुपसून यंत्र लावलं आणि सांगितलं की गळती आहे पण तिसऱ्या दर्जाची आहे, म्हणजे धोक्याची नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. त्यानंतर जमीन गोठली. आता गेला आठवडाभर सकाळी तळघराच्या शेवटच्या पायरीवर मला वास आल्यासारखा वाटतो. लव्हॉनला येत नाही. मी ऐंशी वर्षांचा आहे, तेव्हा नाक माझंच बिघडलं असण्याचा संभव आहे. कंपनीला पुन्हा फोन केला तर त्या मुलीनं सांगितलं, तुमचा पत्ता आधीच यादीत आहे. मला कोणाची तक्रार करायची नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ज्या गळतीनं झाड मरतं ती धोक्याची नाही, हे कोणी ठरवलं? कळवलंत तर आभारी होईन.

हे कोणी ठरवलं, हे इंगरला ठाऊक होतं. तिसऱ्या दर्जाची व्याख्या आयोगाच्या नियमांत सहा ओळींत आहे आणि त्या नियमांची नवी आवृत्ती निघाली तेव्हा खाली तिचीही सही होती. शिवाय आज साडेदहाला दरवाढीची जी तडजोड मंजूर व्हायची होती तिच्या परिशिष्टात एक तक्ता होता : प्रलंबित गळत्या, तिसरा दर्जा, दोन हजार एकशे चाळीस. ते गळके पाइप बदलायला कंपनीनं आधी बारा वर्षं मागितली होती, मग लोकांवर बोजा नको म्हणून सगळ्यांनी मिळून वीस वर्षं ठरवली, आणि त्या वीसच्या बाजूनं सर्वांत जोरात बोलली होती ती इंगर. ‘निवृत्त, ठरावीक उत्पन्नावर जगणारी जोडपी’ असे तिचे शब्द होते. ते बोलताना तिच्या डोळ्यांसमोर क्विस्ट पतिपत्नीच होती, हे तिला आता आठवलं. जमीन गोठली की गॅसला वर यायला वाट राहत नाही, तो आडवा सरकतो, पाइपाच्या कडेकडेनं घराच्या पायापर्यंत जातो, आणि जाता जाता माती त्याचा वास शोषून घेते, म्हणून एकाला येतो, एकाला येत नाही. हे सगळं तिला येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण. दोन हजार एकशे चाळीस हा आकडा तिनं निदान पन्नास वेळा उच्चारला असेल, आणि त्यातला एक लायलॅक होता हे तिला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला तिला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. तेवढीच तर मागितली होती त्यांनी.

चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी, ईस्टरच्या आधीच्या त्या सहा आठवड्यांत, मासळीचं जेवण असतं. लांबलचक टेबलं, तळलेल्या माशांचा धूर, कोबीची कोशिंबीर, कागदी ताटं. तीनेक आठवड्यांपूर्वी अशाच एका शुक्रवारी ती हातात ताट घेऊन रांगेतून बाहेर पडत होती आणि ऑर्विल क्विस्ट टोपी हातात घेऊन समोर आले. इतकी वर्षं झाली तरी तिला त्यांना नावानं हाक मारायला जमायचं नाही, मिस्टर क्विस्ट म्हणायची ती, आणि ते मात्र तिला अजून दुसरीतली मुलगी समजून बोलायचे. “इंगर, बरं झालं भेटलीस. त्या गॅस कंपनीचं जरा...” एवढंच बोलले असतील. तिनं ताट एका हातावर तोलून दुसरा हात वर केला होता. “एक अक्षर नको, मिस्टर क्विस्ट! केस चालू आहे. सुनावणीच्या बाहेर मला त्या कंपनीबद्दल कोणी काही सांगायचं नसतं. आता मला काय चर्चमध्ये कानांत बोटं घालून उभं करणार?” ती हसत म्हणाली होती, आणि जरा मोठ्यानं. हे आता आठवू नये असं तिला वाटत होतं आणि नेमकं तेच सर्वांत स्पष्ट आठवत होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं हसली होती. इंगर आपली पक्की आहे हं, असं कोणीतरी म्हणालंही. तिला ते आवडलं होतं. आपण नियमाला किती चोख आहोत हे चार लोकांनी पाहिलेलं तिला नेहमीच आवडायचं. पहिल्या वर्षी वीज कंपनीच्या वकिलानं लिफ्टमध्ये ‘हवा काय छान आहे’ म्हटलं तर ती उत्तर न देता तिसऱ्या मजल्यावरच उतरली होती, आणि हा किस्सा ती स्वतःच सांगत फिरायची. ऑर्विल मात्र हसले नव्हते. “दोन मिनिटं, इंगर. आणि दराचं नाहीये हं ते.” दराचं नाहीये. स्पष्ट म्हणाले होते ते, तिनं स्पष्ट ऐकलं होतं. “दराचं नसलं तरी. आयोगाला लिहा. कागदावर आलं की मी वाचते. सगळं वाचते मी.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. वर्गात सगळ्यांसमोर गप्प बसवलेल्या पोराचा होतो तसा. त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली, मान हलवली, “बरोबर आहे तुझं,” म्हणाले आणि लव्हॉन बसली होती त्या टोकाच्या टेबलाकडे वळले. मासा निवेल म्हणून ती घाईनं आपल्या जागेवर गेली.

सगळं वाचते मी. नऊ वर्षांत तिनं ‘इतर’चा गठ्ठा आज पहिल्यांदा मागवला होता, तोही गंमत म्हणून.

“तुम्हाला बरं नाहीये का?” ट्रूडी टेबलाच्या या बाजूला आली होती. इंगरनं पत्राच्या शेवटच्या सहीवर बोट ठेवलं. ट्रूडीनं वाकून वाचलं. नाव, पत्ता. “टॅमरॅक रस्ता,” ती म्हणाली आणि तिचा हात तोंडाकडे गेला. “अगं बाई. नाही. हे ते नव्हेत. सांगा ना, हे ते नव्हेत ना?” आणि मग पुटपुटत राहिली, “मी विरोधात टाकलं असतं. विरोधातलं निदान कोणीतरी चाळतं. मला वाटलं झाड... मी हसले हो याच्यावर. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं मी.” इंगरनं तिचा दंड धरला.

रविवारी ती लव्हॉनला भेटून आली होती. लव्हॉन बहिणीकडे होती. बहिणीच्या स्वेटरमध्ये, तोही दोन मापं मोठा, स्वयंपाकघरात बसली होती. केस मात्र गुरुवारी सेट केलेले तसेच, जागच्या जागी. इंगरनं ओव्हनमध्ये भाजलेला नूडल्स-ट्यूनाचा डबा ओट्यावर ठेवला, सगळे ठेवतात तसा. ओट्यावर तसे पाच डबे आधीच होते. लव्हॉननं तिचा हात दोन्ही हातांत धरला. “तू त्याचं ऐकून घेतलंस हं, इंगर. माझ्या लक्षात आहे. आम्हा म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं?” इंगरला संदर्भ लागला नव्हता. दरवाढीबद्दल काही असेल, किंवा दुःखात माणसं काहीही बोलतात, असं समजून तिनं मान हलवली होती. ते आभार तिनं घेतले होते! शोकाच्या घरातून ती चक्क आभार घेऊन आली होती, आणि गाडीत बसल्यावर तिला थोडं बरंही वाटलं होतं. आता ते कसे परत करायचे? सांगितलंच नाही तर लव्हॉनला कधी कळणार नव्हतं. चर्चमधल्या त्या चार हसणाऱ्या माणसांना आठवत नसणार. पत्रात तर आभारच होते. दिवस जातील, चौकशीचा अहवाल येईल, त्यात जमीन गोठल्याचं, पाइपाचं वय, सगळं येईल, आणि लव्हॉन दर शुक्रवारी मासळीच्या रांगेत तिचा हात धरून असंच म्हणत राहील. ते आयुष्यभर ऐकायचं. आणि न ऐकायचं तर जाऊन सांगायचं. मधला रस्ता कुठे दिसेना.

साडेदहाला ती सभागृहात आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय आपोआप तिथे घेऊन गेले. कंपनीचे लोक एका बाजूला, ग्राहकांचा सरकारी वकील दुसऱ्या बाजूला, मध्ये टिपणं घेणारी बाई. लोकांसाठी मागे खुर्च्यांच्या सहा रांगा असतात आणि निकालाच्या दिवशी त्या बहुधा रिकाम्या राहतात, कारण निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. आज तिसऱ्या रांगेत लव्हॉन बसली होती. बहिणीचा कोट, मांडीवर पर्स, नव्यासारखे केस. इंगरला दिसताच तिनं दोन बोटं किंचित वर केली, ओळखीची. ही इथे कशाला आली? कोणी आणली हिला?

अध्यक्ष डेन्झिल हॅलोरन हा सत्तरीचा, बोजड पण भला माणूस होता. त्यानं नेहमीचा प्रश्न नेहमीच्या सुरात विचारला. “सुनावणीबाहेर कोणत्याही पक्षाशी अथवा नागरिकाशी संपर्क झाला असल्यास आयुक्तांनी तसं जाहीर करावं. माझा नाही.” शेजारचा आयुक्त म्हणाला, “नाही.” नऊ वर्षं इंगरही ‘नाही’ म्हणत आली होती, मान वर न करता.

“माझा आहे,” ती म्हणाली.

टिपणं घेणाऱ्या बाईनंसुद्धा वर पाहिलं. इंगर बोलायला लागली, आणि बोलताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे शब्द आपले नाहीत, या खोलीचे आहेत. तिला म्हणायचं होतं, ते माझ्याकडे आले आणि मी त्यांचं तोंड बंद केलं. ती म्हणाली, “सदर प्रकरण प्रलंबित असताना एका नागरिकानं सार्वजनिक ठिकाणी कंपनीच्या सेवेविषयी माझ्याशी संभाषण सुरू करण्याचा प्रयत्न केला. मी तो स्वीकारला नाही. त्या नागरिकाला लेखी निवेदन सादर करण्यास सांगितलं. निवेदन क्रमांक अकराशे तेरा.”

आयोगाचा वकील, तरुण, नियमांचं जाड पुस्तक तोंडपाठ असलेला, माइककडे झुकला. “मजकूर सांगितला गेला होता का?”

“नाही.”

“मग कायद्यानं संपर्क झालाच नाही. जाहीर करण्यासारखं काही नाही. उलट, अध्यक्ष महोदय, आयुक्तांनी जे केलं ते आपण नव्या लोकांना प्रशिक्षणात शिकवतो अगदी तसं आहे.”

“उत्तम,” हॅलोरन म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. “नोंद करा. संपर्क नाही. आणि आयुक्तांचं वर्तन नियमाला धरून.”

कंपनीच्या बाजूनं कोणीतरी अदबीनं मान हलवली. इंगरला क्षणभर वाटलं की आपण ओरडलो तर? पण ओरडून काय म्हणायचं, तेच कळेना. इथे तिला दोषी ठरवायला कोणी तयार नव्हतं. तिनं निवेदन अकराशे तेरा वाचून दाखवायची परवानगी मागितली. वकील म्हणाला, ते रेकॉर्डवर आहेच, वाचलेलं मानण्यात येतं. तरी तिनं वाचलं. लायलॅक, करपलेली पानं, जेवणाच्या टेबलाएवढं वर्तुळ, शेवटची पायरी. कोणी तिला थांबवलं नाही. कंपनीचा एक माणूस घाईघाईनं दुसऱ्याच्या कानाशी लागला. तिसऱ्या रांगेत लव्हॉन थोडी पुढे झुकून ऐकत होती, ऐकलेल्या शब्दांवर ओठ हलत होते. ‘कळवलंत तर आभारी होईन’ हे शेवटचं वाक्य इंगरनं दोनदा वाचलं. मग हॅलोरननं घसा साफ केला, अपघाताची चौकशी स्वतंत्र क्रमांकानं सुरू आहे आणि आजच्या प्रकरणाचं रेकॉर्ड गेल्या आठवड्यात बंद झालंय, हे सौम्य आवाजात सांगितलं, आणि मतं घेतली. वीस वर्षांची तडजोड दोन विरुद्ध एक मतानं मंजूर झाली. तिच्या विरोधी मतानं काही अडलं नाही. अकरा वाजायला आठ मिनिटं होती.

सभागृह रिकामं व्हायला वेळ लागत नाही. इंगर पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेपाशी गेली. लव्हॉन अजून बसलेलीच होती आणि तिचे डोळे वाहत होते, पण चेहऱ्यावर काहीतरी मिळाल्यासारखं होतं.

“तो म्हणाला होता, तिथे मोठ्यानं वाचतात म्हणून,” लव्हॉन म्हणाली. “म्हणून आले. बहीण नको म्हणत होती. छान वाचलंस गं. चार वेळा लिहिलं त्यानं ते. मला दाखवेना, म्हणे आता हे रेकॉर्डचं आहे.”

“मिसेस क्विस्ट,” इंगर म्हणाली, “मी सुरुवातीला जे बोलले ते कळलं का तुम्हाला? तो नागरिक वगैरे?”

“मला कुठलं कळायला तुमचं ते कायद्याचं.”

“ते मिस्टर क्विस्ट होते. त्या शुक्रवारी, मासळीच्या जेवणाला. ते माझ्याशी बोलायला आले आणि मी बोलू दिलं नाही.”

लव्हॉननं डोळे पुसायला घेतलेला रुमाल तसाच धरून ठेवला. “असं कसं? तू तर त्याला सगळं विचारलंस. झाड किती वर्षांचं, तेही विचारलंस. त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही दोघं हिशेब करत बसलो. मी म्हणत होते चाळीस, तो म्हणाला नाही, एकेचाळीस, इंगरनं विचारलंय, पत्रात बरोबर लिहायला हवं.”

इंगरनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. घरी गेल्यावर त्या माणसानं बायकोला एक सबंध संभाषण सांगितलं होतं, न झालेलं. त्यात तिला प्रश्न विचारायला लावले होते. लाल झालेला चेहरा घेऊन टोकाच्या टेबलापर्यंत चालत जाता जाताच जुळवलं असेल ते त्यांनी.

“मी काही विचारलं नाही,” ती म्हणाली. “मी हात वर केला. सगळ्यांसमोर. त्यांना दोन मिनिटं हवी होती, मी नाही दिली. झाडाचं मला आज सकाळी कळलं.”

लव्हॉनच्या चेहऱ्यावरचं मघाचं ते काहीतरी हळूहळू निघून गेलं आणि तिथे राग येईल म्हणून इंगर वाट बघत उभी राहिली, पण रागही आला नाही.

“बावन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला,” लव्हॉन म्हणाली. “माझ्याशी कधी खोटं बोलला नाही तो. एकदाच बोलला, तर ते तुझ्यासाठी?”

लव्हॉनच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पण तिथे बसायचं इंगरचं धाडस झालं नाही.